सहावे ठिकाण

“सहा नंबर तिथं नाहीये,” दारातला माणूस म्हणाला. त्याच्या एका हातात चर्चची किल्ली होती, दुसऱ्यात भिजलेले पत्रक, आणि चिखल गुडघ्यापर्यंत.

ऑड्री प्रॉसरने आधी किल्ली घेतली, पुसली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. नेदरकोटचे चर्च बघायचे तर किल्ली तिच्याकडूनच न्यावी लागे. सव्वीस वर्षे हे चालू होते.

“नीट बघितलंत का?”

“दोन तास बघितलं, बाई. ओढा आहे, दगड आहेत, मेंढ्या आहेत. संन्याशाचं पाऊल कुठंच नाही. एक मेंढी तर माझ्याकडं कीव आल्यासारखी बघत होती.”

तो गेल्यावर ऑड्रीने टेबलावरच्या गठ्ठ्यातले एक कोरडे पत्रक उचलले. ‘नेदरकोट : पाहण्यासारखी सात ठिकाणे’. हे तिच्या नवऱ्याने, डेन्झिलने लिहिले होते. तो टपालाची गाडी चालवायचा, त्यामुळे अंतरे त्याला तोंडपाठ. जुना पूल, चर्चपासून तीनशे दहा पावले. कबुतरखाना, पुलापासून डावीकडे, दोन फाटके ओलांडून. सहाव्या ठिकाणापुढे मात्र एकच ओळ : ‘संन्याशाचे पाऊल. ओढ्याकाठच्या दगडात उमटलेले.’ पावले नाहीत, दिशा नाही. हे आजवर आपल्या लक्षात कसे आले नाही, ते तिला कळेना.

डेन्झिल एक रविवार आड ब्रश घेऊन निघायचा. “सहाव्यावरचं शेवाळ काढून येतो. नाहीतर लोकांना दिसणार कसं?” ती घरी थांबायची, कारण किल्लीपाशी कुणीतरी हवेच. अशी एकोणीस वर्षे गेली. मग दोन वर्षांपूर्वी डेन्झिल वारला. सात ठिकाणांपैकी ऑड्रीने चारच पाहिली होती.

पब समोरच होता आणि तिथल्या खिडकीतून घराचे दार दिसायचे, म्हणून तेवढे जाणे जमे. आत ग्रामसभेची चिटणीस व्हेरिटी ग्विलियम नव्या पत्रकाचा मसुदा पसरून बसली होती. गुरुवारी तो छापायला जाणार होता.

“आपण सहाच ठिकाणं ठेवू या, ऑड्री. कागदाच्या घडीत सहा बरोब्बर बसतात. सातवं मागं एकटंच लोंबतं.”

“आज एक जण म्हणाला, संन्याशाचं पाऊल नाहीच.”

“नाही कसं?” पबचा मालक क्लाइव्ह ग्लास पुसता पुसता म्हणाला. “ओढा ओलांडायची पाणवाट आहे ना, तिच्या खाली. डावं पाऊल.”

“उजवं,” व्हेरिटी म्हणाली. “आणि खाणीच्या वरच्या अंगाला.”

“तू बघितलंयस?”

“मी म्हणजे... आमच्या बाबांनी बघितलं होतं. तू?”

“माझ्या आजीनं.” क्लाइव्ह हसला. “चला, संन्याशाला दोन पाय होते एवढं तरी ठरलं. पण डेन्झिल जायचा ना! दर दुसऱ्या रविवारी वरच्या वाटेनं. आता वरच्या वाटेला ओढा कुठंय म्हणा, तिथं आपल्या ऑलिव्ह टँडीचं घर...”

व्हेरिटीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती ऑड्रीला दिसली, आणि मारलीच नसती तर बरे झाले असते असे तिला वाटले.

“ते सहावं राहू दे,” ऑड्री म्हणाली. “गुरुवारी सकाळी सांगते.”

घरी येऊन तिने नकाशा उघडला, क्लाइव्हच्या जागेवर पेन्सिलीने टिंब दिले, मग व्हेरिटीच्या. दोन्हींत मैलभर अंतर. दगड खरा असला, तर डेन्झिलने त्याची वाट का लिहिली नाही? आणि खोटा असला, तर एकोणीस वर्षे तो ब्रश घेऊन कुठे जात होता? यातले काय खरे निघावे, हेही तिला ठरवता येईना.

मग तिला त्याच्या पँटी आठवल्या. धुवायच्या तिनेच. नेदरकोटची माती तांबडी; या गावात कुणाचेही कपडे भिजत घातले की पाणी विटेसारखे होते. डेन्झिलच्या रविवारच्या पँटीचे पाणी काळे व्हायचे, आणि डाग फक्त गुडघ्यांवर. काळा गाळ एकाच ठिकाणी होता : खाणीखालच्या आल्डरच्या झाडीत. तिथे वरच्या वाटेनेही उतरता येते, ऑलिव्हच्या कुंपणावरून.

बुधवारी तिने दारावर चिठ्ठी लावली, ‘आज चर्च बंद’, आणि निघाली.

ऑलिव्ह टँडी कुंपण छाटत होती. ऑड्रीला बघून तिने कात्री खाली ठेवली. “इकडं कुठं तू, बाई? किल्ली कुणाकडं?”

“डेन्झिल इथून जायचा का?”

“जायचा की. हे कुंपण वाकलंय ना, ते त्याच्याच ढांगेनं. शंभरदा विचारलं असेल, चहा घेतोस का? एकदाही थांबला नाही मेला.”

“खाली काय करायचा?”

“मला वाटायचं, तुला माहीत असेल.”

उतार निसरडा होता. खाली झाडीत अंधारून आले होते. ओढ्याच्या दोन्ही काठांना दगडच दगड, ट्रंकांएवढाले. ऑड्री बराच वेळ त्यांतून फिरली. ठसा कुठेच नव्हता. पलीकडच्या काठावरचे दगड गादीसारख्या जाड शेवाळात बुडाले होते. अलीकडच्या काठावरचे तसे नव्हते. का, म्हणून ती परत मागे गेली आणि एकेका दगडावर बोट टेकवत, मोजत पुढे आली.

खालच्या अंगाला शेवाळात नखभर बोट रुतत होते. वर जावे तसे ते कमी कमी रुतू लागले. बावीस, तेवीस, चोवीस. पुढे पातळ मखमल उरली, मग नुसती हिरवट झाक. शेहेचाळिसाव्या दगडावर तीही धड नव्हती. ब्रशाचे ओरखडे अजून दिसत होते. एकाही दगडावर पाऊल नव्हते.

म्हणजे तो ठसा साफ करायला येत नव्हता. तो शोधत होता. कुणाकुणाच्या आजीचे, बाबांचे ऐकून ती ओळ छापून मोकळा झाला, आणि मग दगडामागून दगड घासत राहिला. तिला का सांगितले नाही? लाज वाटली? की घराबाहेरचा हा वेळ त्याला आवडत होता? तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही पटत होते.

सत्तेचाळिसावा दगड जुन्या, जाड शेवाळाने अख्खा झाकलेला होता.

ऑड्रीने कोट काढला, घडी करून काळ्या गाळावर ठेवला आणि त्यावर गुडघे टेकले.