राजाची उडी

ग्रँडमास्टरने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि तो पुढच्या टेबलाकडे वळला. गोपाळकृष्ण फणशांनी आपलं प्यादं एकच घर चालवलं. देशी बुद्धिबळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, आणि चाळीस वर्षांची सवय काही एका दुपारात सुटत नाही.

माधव नगरच्या सभागृहात परदेशी पाहुणा एकटा वीस जणांशी खेळत होता. पहिल्या तारखेला नवं राज्य होऊन भोपाळ त्याची राजधानी होणार, फणशांची कचेरी तिकडे जाणार, आणि तिच्यामागे फणसेही. उज्जैन सोडण्याआधी हा एक डाव बरोबरीत सोडवावा, म्हणजे चार माणसं मागे नाव काढतील, असं त्यांना फार वाटत होतं. घरची बांधाबांध बायकोवर टाकून, "दफ्तरात काम आहे" अशी थाप मारून ते आले होते.

पाच वाजेपर्यंत एकोणीस जण हरले. फणसे तेवढे टिकले. त्यांचा राजा उघड्यावर होता, पण घोडा मध्ये घातला की डाव बरोबरीत सुटत होता. ते त्यांना दिसलंही होतं. एवढ्यात पाहुणा समोर येऊन उभा राहिला, फणसे गडबडले आणि हात आपसूक राजाकडे गेला. देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी माफ असते. फणशांनी ती मारली.

"गोपाळराव, ये नहीं चलता," पंच श्रीनाथ हळूच म्हणाले.

पाहुण्याने हसून राजा जागेवर ठेवला आणि हाताने खूण केली.

"दुसरं काही खेळा म्हणतायत. वापस घ्या, कोई बात नहीं," श्रीनाथांनी सांगितलं.

फणसे श्रीनाथांकडे बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी क्लबाच्या अंतिम डावात, "तुमचा वजिराला हात लागला, आता तोच चला," असा हट्ट धरून त्यांनी याच श्रीनाथांना हरवलं होतं. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

"घ्या ना. मी कुठं बोलणार नाही."

"हात लागलाय," फणसे म्हणाले आणि त्यांनी राजा एक घर सरकवला.

सहा चालींत मात झाली. पाहुण्याने हात मिळवला, लोक पांगले. फणशांना रडू येईलसं वाईट वाटत होतं. मोहरे डब्यात भरता भरता ते खाली मान घालून म्हणाले, "श्रीनाथ, त्या दिवशी तुमचा हात लागला नव्हता. बाही अडकली होती. मी पाहिलं होतं."

"मालूम है," श्रीनाथ म्हणाले. त्यांनी पटाची घडी घातली. मग विचारलं, "भोपाळची गाडी किती वाजताची आहे?"