आठ मिलिमीटर

मेहुणीला या धंद्यात आपणच आणलं, हे तो दिवसातून दहादा स्वतःला ऐकवायचा. गोदामात कुठला माल रॅकच्या कितव्या मजल्यावर ठेवायचा, क्रेननं तो आपोआप किती सेकंदांत काढून आणायचा, हे सगळं आखायला त्यानंच तिला शिकवलं. आणि आता नव्या गोदामाची अख्खी आखणी तिच्याकडे, नकाशे तपासायचं काम याच्याकडे! चाचणी पार पडली की मुख्य आखणीकाराची खुर्ची तिची. फसली तर याची. "माझ्या बहिणीनं नाव काढलं हो," असं बायको जेवताना म्हणाली, तेव्हा त्यानं भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मेहुणी नकाशा घेऊन आली. "भावोजी, एकदा नजरेखालून घाला ना. तुमच्या नजरेतून मिलिमीटर सुटत नाही."

हे वाक्य त्याचंच. वीस वर्षं तो ते मिरवत होता.

चूक लगेच सापडली. बाराव्या मजल्याची उंची तिनं रिकाम्या रॅकवर मोजली होती. माल ठेवला की रॅकची आडवी पट्टी आठ मिलिमीटर वाकते, मग क्रेनचे काटे मालाखालच्या लाकडी पॅलेटखाली न जाता थेट त्याच्या फळीत घुसणार. त्याला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"झकास आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळे काचेमागे जमले. तमाशा नीट दिसावा म्हणून यानं पुढची जागा धरली. क्रेन सरसर वर गेली, बाराव्या मजल्याशी थांबली. काटे बाहेर आले, पॅलेटखाली अलगद सरकले, आणि माल खाली आला. टाळ्या पडल्या. यालाही वाजवाव्या लागल्या.

मेहुणी धावतच आली. "भावोजी, थोडक्यात वाचले! काल संध्याकाळी, शिकवताना तुम्ही दिलेली जुनी वही चाळत होते. पहिल्याच पानावर तुमचं अक्षर: भरल्या रॅकवर मोजा. तशीच पळत जाऊन उंची बदलली. ताईलाही फोनवर सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग दुपारी त्यांनी कसं नाही सांगितलं?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी म्हटलं, सुटलं असेल नजरेतून. सुटलंच ना, भावोजी?"

काचेपलीकडे क्रेन दुसरा माल आणायला निघाली होती.

"हो," तो म्हणाला. "सुटलंच."