मोनाची गादी

मित्रांनो, मी एक जुनी, झाकणाची बांबूची बुट्टी आहे. बाहेरगावचे लोक मला टोपली म्हणतात, पण कोल्हापुरात माझं नाव बुट्टीच. माझा बांबू गगनबावड्याच्या पावसात वाढलेला, म्हणून अंगाने मजबूत. झाकण मात्र असं घट्ट की लावताना दर वेळी कुरकुरतं. ती कुरकुर माझ्या स्वभावातही उतरली आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

जरीनाने मला बाजारासाठी घेतलं. दहा वर्षं मी मेथी, वांगी आणि अंडी वाहिली. एकही अंडं फुटू दिलं नाही. पुढे घरात कापडी पिशव्या आल्या आणि मी कपाटावर जाऊन पडले. तीन पावसाळे कुणी मला हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मग मोना आली. जरीनाची पाचवीतली लेक सुहाना हिने हे मांजराचं पिल्लू शाळेच्या वाटेवरून उचलून आणलं आणि त्याच्यासाठी मला खाली काढलं. सुहानाचे अब्बा बाबालाल पिंजारी. त्यांचं गाद्या भरायचं दुकान.

"नुसत्या बांबूवर झोपंल व्हय ती? टोचंल की," म्हणत त्यांनी हातभर गादी शिवली आणि माझ्यात बसवली.

दुकानात त्यांचा नियम कडक होता. जुना कापूस आधी दोन दिवस उन्हात, मग पिंजायचा, मगच गादीत भरायचा. पण मांजराच्या गादीसाठी एवढा खटाटोप त्यांनी केला नाही. कुणाच्या तरी जुन्या गादीतला दमट कापूस तसाच कोंबला. त्याचा वास मला पहिल्याच दिवशी खटकला, पण आम्हा वस्तूंना तोंड नसतं.

आठवडाभरात बाबालालना शिंका सुरू झाल्या. एक-दोन नव्हे, ओळीने पंधरा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की शिंका परत. दुकानात ते नाकाला रुमाल बांधून काम करायचे, तिथे काही त्रास नाही. घरी येऊन माझ्याशेजारच्या कॉटवर टेकले की सुरू.

शेजारच्या आक्काताईंनी निदान केलं. "मांजराची केसं नाकात जात्यात, बाबालालभाऊ. दमा धरंल, सांगून ठेवते."

"कापसानं तर होत नसंल?" जरीनाने विचारलं.

"कापसात जन्म गेला माझा. कापूस मला काय करतोय?"

झालं. मोनाला गडहिंग्लजला, बाबालालच्या बहिणीकडे, कायमचं पाठवायचं ठरलं. एसटीत मी बाबालालच्या मांडीवर होते. शेजारी सुहाना, तिची दोन बोटं माझ्या फटीतून आत. मोना ती चाटत होती.

"पावणं, बुट्टीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"मांजर हाय."

"रडतंय की ते."

"ते न्हवं. माझी पोरगी रडत्या," बाबालाल म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

परतताना माझ्यात गादी तेवढी उरली होती, बाकी मी रिकामी. दहा वर्षं अंडी सांभाळली, पण त्या रिकामेपणाइतकं जड मी कधी काही वाहिलं नव्हतं. बाबालाल मात्र वाटभर शिंकतच होते.

पाचव्या दिवशी सुहाना माझ्याजवळ बसून म्हणाली, "अब्बा, मोना जाऊन चार दिवस झालं. तुम्ही अजून शिंकतायसा."

"केसं ऱ्हायली असतील तिची बुट्टीत."

"मग गादी उसवून बघूया की."

जरीनाने कात्री आणली. टाके सुटले आणि आतून काळपट, बुरशी आलेला कापूस बाहेर पडला. बाबालाल असे शिंकले की डोक्यावरची टोपी उडाली. टोपी उचलायचंही त्यांना सुचलं नाही. तो कापूस त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"गिऱ्हाइकाला न्हाय दिली असती मी अशी गादी," ते म्हणाले. "घरातल्याला दिली."

मला घासून धुतलं, उन्हात ठेवलं. नवा कापूस दुकानाच्या नियमाने पिंजला गेला. रविवारी आम्ही पुन्हा गडहिंग्लजला गेलो, तर मला बघताच मोना कॉटखाली शिरली. तिचं काय चुकलं? एकदा माझ्यात बसली आणि घराला मुकली. ती आता येणारच नाही, असं मला वाटलं.

सुहानाने तिला ओढलं नाही. झाकण काढून मला जमिनीवर ठेवलं. बाबालाल उकिडवे बसले. "चल की बाई. चुकलं माझं," म्हणाले.

बऱ्याच वेळाने मोना बाहेर आली. तिने नवी गादी हुंगली, दोनदा गोल फिरली आणि बसली. त्या दिवशी झाकण लावताना मी कुरकुरले नाही.

मित्रांनो, घरात कुणी शिंकलं तर लगेच मुक्या जिवाकडे बोट दाखवू नका. आधी कोपऱ्यातल्या माझ्यासारख्यांना उन्हात काढा, झटका, आत काय कोंबलंय ते बघा. आम्हाला ठाऊक असतं, पण सांगता येत नाही.

आता दर रविवारी बाबालाल मला गच्चीवर नेतात आणि गादी स्वतः झटकतात. मोना शेजारी बसून बघते, नीट झटकली की नाही ते.