डाव्या वळणाची गोगलगाय

"ब्लॉगवरील गोगलगायीचे छायाचित्र मूलतः आमच्या संचालकांनी संग्रहालयाच्या बागेत स्वहस्ते टिपलेले असून, त्यातील गोगलगाय दुर्मिळ अशा डाव्या वळणाची आहे, ब्लॉगलेखिकेने ते चोरले, ओळखू येऊ नये म्हणून उलटे केले आणि एका बनावट छायाचित्रकाराच्या नावावर खपवले."

निसर्ग संग्रहालयाने सार्वजनिक ग्रंथालयाकडे पाठवलेल्या तक्रारीतले हे एकच वाक्य. एका वाक्यात इतकी असत्ये दाटीवाटीने बसवायची आणि वर व्याकरण शाबूत ठेवायचे, ही काही साधी कारागिरी नव्हे. ब्लॉग लिहिणाऱ्या आत्याबाईंनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि लाल पेन्सिल हातात घेतली. उभी हयात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासण्यात गेलेली. कुणाचा परिच्छेद कुणाच्या घरचा, हे त्यांना वासावरून कळत असे. आणि आता निवृत्तीनंतर त्यांच्याच दारावर उचलेगिरीची पाटी लागत होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज चढत नसे, थंड होत असे; विद्यार्थी त्यालाच अधिक भीत.

"बोंबा नंतर, आत्या. आधी कॉफी," भाची म्हणाली. ही भावाची मुलगी, छापखान्यात पानांची मांडणी करी आणि आत्याकडेच राहत असे.

पण आत्याबाईंची पेन्सिल चालू झाली होती. "'स्वहस्ते टिपलेले.' हे चित्र मला इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात मिळालं. तिथे कुणीही यावं, घ्यावं, वापरावं. परवान्याच्या अटी दोनच: ज्यानं काढलं त्याचं नाव द्या, आणि काही फेरफार केला असेल तर तसं सांगा. मी दोन्ही पाळल्या. चित्राखाली काय लिहिलंय, वाच."

भाचीने पाठ म्हटल्यासारखे म्हटले, "'छायाचित्र: सावकाश. मुक्त परवान्याखाली. कडा कापल्या आहेत.'"

"'सावकाश' हे त्या छायाचित्रकाराचं टोपणनाव. त्याच्या खात्यावर ओल्या भिंती, शेवाळ आणि शेकडो गोगलगायी आहेत. बनावट माणूस इतक्या गोगलगायींमागे कशाला रांगेल?"

"पण त्यानं तुझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाही."

"नावाला जागतोय बिचारा. पुढे. 'ओळखू येऊ नये म्हणून उलटे केले.' म्हणजे मी चोरी करते, ती लपवते, आणि लपवून झाल्यावर खाली मूळ चित्राचा पत्ता देते! असला चोर कुठल्याही तुरुंगात ठेवून घेणार नाहीत, इतरांना बिघडवेल म्हणून."

युक्तिवाद बिनतोड होता आणि अगदी निरुपयोगी होता. गोगलगायींच्या शंखाचे वळण जवळजवळ नेहमी उजवे असते. डावा शंख लाखात एखादा. तसा एक आपल्या बागेत सापडल्याची दवंडी संग्रहालयाने माणसाएवढ्या भित्तिपत्रकावर पिटली होती. मग कुणा चौकस वाचकाने त्यांना विचारले, की हीच गोगलगाय त्या ब्लॉगवर उजवी कशी? त्यावर संचालकांनी ठोकून दिले: चित्र आम्ही फार पूर्वी काढले, छापले आत्ता, मधल्या काळात ते आमच्या संगणकातून कुणीतरी पळवले. दोन चित्रे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. खरे कोणते आणि आरशातले कोणते, हे गोगलगाय काही सांगायला येणार नव्हती.

ब्लॉग ग्रंथालयाच्या संगणकावर चाले. तक्रार येताच त्याला कुलूप लागले होते. आज दुपारी ग्रंथपालांसमोर सुनावणी. तक्रार खरी ठरली, तर ब्लॉग पुसला जाणार आणि त्याच्या जागी 'उचलेगिरीमुळे बंद' ही ओळ कायमची राहणार. ब्लॉग गेला असता तर आत्याबाईंनी नवा लिहिला असता. ती ओळ मात्र त्यांच्या नावाखाली त्यांच्या नंतरही उरली असती.

"तुला एक सांगू?" भाची म्हणाली. "आमच्याकडे चित्रं सर्रास उलटी करतात. गाय पानाबाहेर बघत असली की तिला आत वळवायची. त्यात कुणाला पाप वाटत नाही. पण सिद्ध काय करणार? गायीला दोन्हीकडून सारखीच शिंगं."

"ग्रंथपाल शिंगांवर निकाल देत नाहीत," आत्याबाई म्हणाल्या आणि कॉफीच्या बरणीचे झाकण दात-ओठ खाऊन पिरगाळू लागल्या. झाकण हलेना. सगळा राग मनगटात उतरला.

"अगं आत्या, उलटं फिरवतेयस! घट्ट करतेयस ते!"

आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली, झाकण दुसरीकडे फिरवून काढले आणि काचेच्या गळ्यावरच्या तिरप्या रेघांकडे अशा पाहत राहिल्या, की भाचीला वाटले, आत झुरळ आहे.

"झाकणाचे आटे," त्या पुटपुटल्या. "सगळ्या बरण्यांचे एकाच बाजूला. नळाचे, दिव्याचे, दाराच्या स्क्रूचे. जगभर." मग एकदम, "मी काय कापलं होतं?"

"कधी?"

"कडा! 'कडा कापल्या आहेत' असं मीच लिहिलंय ना? त्या कडांमध्ये काय होतं?"

भाचीने संगणक उघडेपर्यंत आत्याबाई तिच्या खांद्यावर जवळजवळ बसल्याच होत्या. खुल्या संग्रहातले मूळ चित्र पडद्यावर उमटले. लाकडी फाटकाची बिजागरी. तिच्यातून वर आलेला लांब, उभा बोल्ट. नटच्या पुढे बोटभर उरलेल्या बोल्टवर गोगलगाय विसावलेली, आणि शेजारच्या काठीवर घेवड्याचा वेल. आत्याबाईंना हवी होती फक्त गोगलगाय, म्हणून बोल्ट आणि वेल त्यांनी स्वतःच्या हाताने छाटून टाकले होते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावले, की संदर्भ तोडू नका. आणि स्वतः नेमका संदर्भच तोडला.

"मोठं कर. आटे बघ. डावीकडून उजवीकडे चढतायत?"

"चढतायत. आत्या... वेलसुद्धा!"

"घेवडा तसाच चढतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता संग्रहालयाच्या भित्तिपत्रकात बोल्ट आहे की त्यांनीही कापलाय?"

दोघी लगेच उठल्या. कॉफी तशीच राहिली. बाहेर पडताना आत्याबाईंच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या, हे भाचीला कोपऱ्यावर दिसले, ती सांगणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "चालू दे. दोन्ही उजव्या नाहीत ना? मग झालं."

संग्रहालयाच्या दाराशी भित्तिपत्रक दिमाखात टांगलेले होते. 'आमच्या बागेतील चमत्कार!' डाव्या बाजूला हा भलामोठा मथळा, उजवीकडे गोगलगाय, आणि तिच्याखाली, अहाहा, आख्खा बोल्ट. आट्यांमधला गंजसुद्धा मोजता येईल इतका मोठा. आटे उजवीकडून डावीकडे चढत होते. वेलही.

भाचीने आत्याला मिठीच मारली. "डावा! आत्या, बोल्ट डावा आहे!"

"ओरडू नकोस. लोकांना वाटेल आपल्याला गुप्तधन सापडलं," आत्याबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही गालांवर लाली चढली होती.

दारावरचा पहारेकरी जवळ आला. "गोगलगाय बघताय होय? सगळे येतात बघायला."

"गोगलगायीला कोण विचारतो!" भाची म्हणाली. "आम्ही बोल्ट बघायला आलोय."

पहारेकरी दोन पावले मागे सरकला. वाटेत आत्याबाई एका लोखंडी सामानाच्या दुकानात शिरल्या आणि एक साधा नट घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी पर्समध्ये अशा काळजीने ठेवला, की जणू हिराच.

दुपारी ग्रंथालयातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला मितभाषी ग्रंथपाल बसले. संचालक आले ते भित्तिपत्रकाची गुंडाळी काखेत मारून. माणूस देखणा, आवाज मधाळ. त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर चार जाडजूड शब्दकोश ठेवले आणि खेदाने मान हलवली.

"बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. वय झालं की इंटरनेटवर घोटाळे होतात. तुम्ही सरळ चूक कबूल करा, आम्हीही मोठं मन दाखवू."

भाचीच्या तोंडून "मोठ्या मनाचे!" एवढे निसटलेच. आत्याबाईंनी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

"आदर पोचला," त्या म्हणाल्या. "मला फक्त समजून घ्यायचंय. हे फाटक तुमच्याच बागेतलं?"

"अर्थात. मागचं फाटक."

"अजून आहे?"

"आहे म्हणजे? परवाच रंग दिलाय."

"बोल्टही तोच?"

"तोच. बाई, आपण गोगलगायीबद्दल बोलतोय ना?"

"तिच्याचबद्दल. आणि या चित्रात तुम्ही काहीच फेरफार केलेला नाही?"

"तसूभरही नाही," संचालक छातीवर हात ठेवून म्हणाले. "निसर्ग जसा दिसला तसा."

आत्याबाईंनी पर्समधून नट काढला आणि भित्तिपत्रकातल्या बोल्टच्या टोकाशी अलगद ठेवला.

"हा कुठल्याही दुकानात मिळणारा नट. मापाच्या कुठल्याही सरळ बोल्टवर चढतो. तुमच्या या बोल्टवर जन्मात चढणार नाही, कारण याचे आटे उलटे आहेत. ग्रंथपालसाहेब, भिंग आहे का आपल्याकडे?"

ग्रंथपालांनी खणातून भिंग काढले आणि चित्रावर वाकले. बराच वेळ त्यांच्या टकलाखेरीज काही दिसेना.

"डावे बोल्टही असतात," संचालक म्हणाले. मध थोडा पातळ झाला होता.

"असतात. यंत्रांत, खास कामासाठी. फाटकाच्या बिजागरीला तो कुणी खास शोधून बसवला असेल, हेही मी मान्य करते. पण त्याच्या शेजारचा घेवडा बघा. घेवडा असा चढत नाही. गोगलगाय डावी, वेल डावा, बोल्ट डावा. संचालकसाहेब, तुमच्या बागेत शिरल्यावर माणसाचं काळीजही उजवीकडे सरकतं का हो?"

भाचीने हसू दाबण्यासाठी शब्दकोश उघडला. तो तिने उलटा धरला होता.

"आणि हे खुल्या संग्रहातलं मूळ चित्र," आत्याबाईंनी भाचीच्या संगणकाचा पडदा ग्रंथपालांकडे वळवला. "यात तिन्ही गोष्टी जगरहाटीप्रमाणे. आता माझं चित्र चोरीचं ठरवायचं असेल, तर मी नुसती गोगलगाय नाही, घेवडा आणि लोखंडही सुधारलं असं म्हणावं लागेल. तेवढी माझी योग्यता नाही."

ग्रंथपाल सरळ उभे राहिले. त्यांनी नट उचलला, तळहातावर जोखला आणि खुर्चीवरचा कोट घेतला. "तुमची बाग इथून जवळच आहे. फाटकही तेच, बोल्टही तोच, असं तुम्हीच म्हणालात. चला, लावून बघू."

संचालक उठले नाहीत. त्यांनी एका कोपऱ्यावरचा शब्दकोश उचलला; भित्तिपत्रकाचा तो कोपरा सुर्रकन वळला आणि चमत्कार अर्धा झाकला गेला.

"गरज नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

ग्रंथपालांनी कोट परत खुर्चीवर टाकला आणि लेखणी उघडली. "मग तुम्ही सांगा. मी शब्दशः लिहितो."

आत्याबाईंनी हात एकमेकांत गुंफून मांडीवर ठेवले. समोरचा माणूस परीक्षेला बसला, की त्या अशाच बसत. संचालकांनी छताकडे पाहिले, मग नटाकडे, आणि ग्रंथपालांच्या कागदावर हे उतरले:

"चित्र खुल्या संग्रहातलंच आहे. मथळ्याला डावीकडे जागा हवी होती आणि गोगलगाय नेमकी तिथेच बसली होती, म्हणून आम्ही ते उलटं केलं. छापून आल्यावर कुणीतरी म्हणालं, अरे, हिचा शंख डावा, ही तर दुर्मिळ! मग ती आमच्या बागेत सापडली, असं मी म्हणालो. मग ती मीच टिपली, असंही म्हणालो. काढणाऱ्याचं नाव खाली लिहायचं असतं, हे मला माहीत होतं. पण मथळा एवढा मोठा झाला, की नावाला जागाच उरली नाही."