देखाव्याची वेळ

सहलीच्या कंपनीने दहा दिवसांत अख्खा देश बसवला होता. दोन दिवस वाळवंट, दोन दिवस बर्फ, तीन दिवस समुद्र आणि उरलेल्या दिवसांत दोन हजार वर्षांची दगडी नगरी. हे सगळं पाहुण्यांच्या बुटाला धूळ लागू न देता उरकायचं. त्यातला सगळ्यात नावाजलेला तुकडा म्हणजे नगरीच्या वरच्या चौथऱ्यावरचा सूर्योदय. पांढरीशुभ्र चादर घातलेलं टेबल, दोन खुर्च्या, चांदीची किटली, आणि समोर खाली उतरत गेलेले खांब, कमानी, पायऱ्या. नजर पोचेल तिथपर्यंत माणूस म्हणून एकही नाही. खरी किंमत त्या 'एकही नाही'चीच होती.

आता खरं सांगायचं तर माणसं होती. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला, कमानींच्या मागे साठ घरांची वस्ती होती आणि तिचा बाहेर जायचा एकुलता एक रस्ता नेमका त्या खांबांच्या मधून जायचा. कंपनीने रस्त्याच्या टोकाला फाटक घातलं. सकाळी सहा ते पावणेसात देखाव्याची वेळ. तेवढ्यात गाडी नाही, पायी माणूस नाही, गच्चीवर कपडे नाहीत, धूर नाही, कोणाच्या पोराचं भोकाड नाही. साठ घरांनी हे मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण सांगणारा परका नव्हता. सांगणारा त्यांचाच वाटाड्या होता.

कंपनीच्या कागदावर त्याचा हुद्दा 'अनुभव संयोजक' असा होता. वस्तीला तो उच्चारताना दातखीळ बसायची, म्हणून सगळे त्याला वाटाड्याच म्हणत. वस्तीतून कोट घालून कामाला जाणारा तो पहिला. त्याचा बाप पाथरवट. नगरीचे ढासळलेले खांब परत उभे करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली आणि चाळीस वर्षांची दगडाची पूड छातीत जाऊन बसली. आता म्हातारा खाटेवर असायचा, नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. एक सिलिंडर जेमतेम दोन दिवस पुरायचा. एक दिवसाआड सकाळी साडेपाचला, म्हणजे फाटक पडायच्या आधी, टेंपोवाला भरलेला आणून द्यायचा आणि रिकामा घेऊन जायचा. अडीनडीला म्हणून एक जास्तीचा ठेवलेला होता, पण त्याची चावी गळायला लागली म्हणून तो आठवड्यापूर्वी दुरुस्तीला गेला होता. दुकानदार रोज 'उद्या' म्हणत होता.

त्या दिवशी पहाटे कामावर निघताना वाटाड्याने सिलिंडरचा काटा बघितला. तो लाल रेघेच्या जवळ आला होता.

"साडेसहापर्यंत जाईल," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. ताई सासर सोडून बापाच्या उशाशी येऊन राहिली त्याला दोन वर्षं झाली होती. "टेंपो साडेपाचला येतोच आहे."

"आणि नाही आला तर?"

"अगं, कधी चुकलाय का तो?"

"तू जा रे," खाटेवरून म्हातारा म्हणाला. दोन शब्दांनंतर दम खाल्ला. "पाहुणे खोळंबतील. कोटाची कॉलर नीट कर आधी."

आपल्या पोराच्या कोटाचं म्हाताऱ्याला भारी कौतुक होतं. आपण उभे केलेले खांब पोरगा परदेशी माणसांना त्यांच्या भाषेत समजावून सांगतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. बोलायला दम नसायचा तेव्हा नुसता खिडकीकडे हात करायचा. खिडकीतून चौथरा दिसायचा.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे एक वयस्कर जोडपं. माणसं वाईट नव्हती, उगाच कशाला बोल लावा. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आली होती. साहेबांना जाग उशिरा आली, मग मॅडमची शाल सापडेना, असं करत चौथऱ्यावर यायलाच सहा वाजून दहा मिनिटं झाली. वर आल्यावर बघतात तर दरीत धुकं. सूर्य कुठे उगवलाय याचा पत्ता नाही.

"थांबायचं का?" मॅडमनी विचारलं.

"थांबू या की," वाटाड्या म्हणाला. "धुकं फाटताना बघाल तर आयुष्यभर विसरणार नाही."

यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या एका वाक्याने फाटक आणखी अर्धा-पाऊण तास बंद राहिलं, आणि तेवढं ठरवायचा अधिकार आपल्याला आहे याचं त्याला मनातून बरं वाटलं.

चौथऱ्यावर फोन न्यायला बंदी होती. वायरलेस होता, पण त्यावरही बोलायचं नाही, कारण सूर्य उगवत असताना कोणी 'हॅलो हॅलो' करू लागलं की देखाव्याची माती होते. म्हणून वाटाड्याने स्वतःच एक युक्ती काढली होती आणि मॅनेजरने त्याबद्दल त्याची पाठ थोपटली होती. बोलायचं नाही, नुसतं बटण दाबायचं. फाटकवाल्याने एकदा दाबलं की कोणीतरी खोळंबलंय, तीनदा दाबलं की फार निकडीचं आहे. वाटाड्याने एकदा दाबलं की थांबव, दोनदा दाबलं की सोड. कानातल्या गुंडीत नुसती खरखर व्हायची, पाहुण्यांना ताकास तूर लागायची नाही.

युक्ती चांगली होती. घोटाळा एवढाच, की रस्त्यावर खोळंबलेल्या प्रत्येकाला आपलंच काम निकडीचं वाटतं, आणि फाटकवाला स्वभावाने मऊ. दूधवाल्याचं दूध नासेल म्हणून तीनदा. शिंप्याचं गिऱ्हाईक जाईल म्हणून तीनदा. एकदा वाटाड्याने विश्वास ठेवून दोनदा दाबलं, तर धुक्यातून चाळीस बकऱ्या आणि त्यांचा मालक असा सगळा लवाजमा पाहुण्यांच्या फोटोत आला. मॅनेजरने वाटाड्याला झापलं, वाटाड्याने फाटकवाल्याला झापलं. "पुढच्या खेपेला माझं ऐकल्याशिवाय एक माणूस जरी सोडलास तर घरी बसशील," असं सगळ्यांदेखत सुनावलं. तेव्हापासून तीनदा खरखर झाली की वाटाड्याचं बोट आपसूक एकदा दाबायचं.

सव्वासहाला कानात खरखर झाली. तीनदा.

दूधवाला, वाटाड्याच्या मनात आलं. त्याने खिशात हात घालून एकदा दाबलं.

पाच मिनिटांनी परत तीनदा. याने परत एकदा. मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या. धुक्यातून पहिल्या खांबाचा माथा वर आला होता, मग दुसऱ्याचा.

"किती शांत आहे," त्या म्हणाल्या. "इथे माणसं राहत नाहीत का?"

"पूर्वी राहायची, मॅडम," वाटाड्या म्हणाला. हे उत्तर त्याला शिकवलेलं होतं आणि आता ते तोंडात रुळलं होतं.

साडेसहाच्या सुमाराला खरखर थांबेचना. तीनदा, तीनदा, तीनदा. साहेबांनी मान वळवून बघितलं, त्यांना कुठूनतरी किडा वाजल्यासारखं वाटलं असावं. वाटाड्या कसनुसा हसला. डोक्यात तिडीक गेली होती. या फाटकवाल्याला उद्या जागेवर आणतो, असं मनाशी म्हणत त्याने खिशातल्या खिशात वायरलेसचं बटण फिरवून आवाज पार बंद केला.

सात वाजता धुकं फाटलं. खांबांवर एकदम ऊन आलं आणि मॅडम रडायला लागल्या. साहेबांनी त्यांचा हात धरला. वाटाड्याने फोटो काढले. एकाही फोटोत माणूस नव्हतं.

पाहुणे गाडीत बसले तेव्हा सव्वासात झाले होते. वाटाड्याने शिट्टी मारून फाटक उघडायची खूण केली आणि वायरलेस परत सुरू केला.

"अरे मेल्या, उचल की!" फाटकवाल्याचा आवाज फाटला होता. इतक्या महिन्यांत त्या यंत्रावर तो पहिल्यांदाच बोलत होता. "तुझ्या घरचा सिलिंडर अडकलाय इथे! टेंपो पंक्चर झाला, उशिरा आला. मी विचारतोय, विचारतोय आणि तू नुसता थांबव, थांबव! शेवटी टेंपोवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन टेकडीमागून गेला. पाऊण तास झाला असेल. ऐकतोयस ना?"

वाटाड्या ऐकत नव्हता. तो खांबांमधून खाली पळत सुटला होता.

घरात शिरला तेव्हा टेंपोवाला उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला होता. शर्ट घामाने चिंब झालेला, खांदा सोललेला. टेकडीमागची वाट म्हणजे नुसते धोंडे. त्यातून त्याने एकट्याने तो लोखंडाचा ठोकळा वाहून आणला होता. भरलेला सिलिंडर आता खाटेशेजारी उभा होता, तोंडावरचं सील तसंच. नळी जुन्याच सिलिंडरला होती आणि काटा शून्यावर होता. ताई खाटेवर बसली होती. म्हाताऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि तिच्या हातातला पंखा अजून हलत होता.

"दहा मिनिटं झाली," टेंपोवाला म्हणाला. "मी दारात पाऊल टाकलं आणि..."

मागोमाग फाटकवाला धापा टाकत आला. टोपी काढून दारातच उभा राहिला.

ताईने मान वर केली. "तू अडवलंस गाडीला?"

फाटकवाल्याने वाटाड्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "हो ताई. मीच."

झाकली मूठ तशीच राहिली असती. वस्तीने फाटकवाल्याला शिव्या घातल्या असत्या, कंपनीने त्याला काढून टाकलं असतं, आणि वाटाड्या सुटला असता. एक क्षणभर तो गप्प राहिलासुद्धा, आणि त्या एका क्षणाची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

"त्याने नाही ताई," तो म्हणाला. "त्याने कितीदातरी विचारलं. मीच थांबव म्हटलं. कोण आहे ते विचारलं नाही. मग आवाजच बंद केला."

ताई ओरडेल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं. ती आली असती तर बरं झालं असतं.

"तू दिसत होतास," ती म्हणाली. "काटा खाली गेला तेव्हा मी चादर घेतली. गच्चीवर जाऊन हलवणार होते. तू बघितलं असतंस, नाही का? पांढरी चादर होती."

"बघितलं असतं," वाटाड्या म्हणाला. बघितलं असतं आणि आणखी चिडलो असतो, हेही त्याला कळत होतं.

"बाबांनी माझं मनगट धरलं. सोडेचनात. म्हणाले, पाहुण्यांसमोर नको, त्याची शोभा होईल." ताईचा पंखा थांबला. "एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं रे. आणि मी ऐकलं त्यांचं. चादर घडी करून ठेवली आणि इथे येऊन बसले."

बाहेर रस्ता मोकळा झाला होता. खोळंबलेल्या सायकली आणि माणसं एकदम बोलत वस्तीत शिरत होती. कोणीतरी जोरात हसलं. इकडे काय झालंय ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"उभा राहू नकोस," ताई म्हणाली. "कोट काढ आणि पाय धर त्यांचे. आखडायच्या आत सरळ करायला हवेत."

वाटाड्याने कोट काढला, खाटेच्या पायथ्याशी बसला आणि बापाची दोन्ही पावलं हातांत घेतली. ती अजून कोमट होती.