मियाला नमस्कार

"हा म्हातारा तू घे बाई, मी खाली जाऊन चार घास खाऊन येते," शेजारच्या खुर्चीवरून बेबेथ म्हणाली आणि तिने आपल्या स्क्रीनवरचं संभाषण जोव्हिलिनकडे सरकवून दिलं. "भांडकुदळ नाहीये हं. गोड आहे. आधी सुप्रभात म्हणतो, मग तक्रार करतो."

जोव्हिलिनने मान न वळवताच "बरं" म्हटलं. तिचे खांदे भरून आले होते. बाकोलोद शहरातल्या त्या ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत, चौथ्या मजल्यावर बायका-पोरी ओळीने बसून दिवसभर एकच काम करत. ज्यांचं रॉकेट फुटलं त्यांची समजूत घालायची. ते नियमानुसारच फुटलं, हे गोड शब्दांत सांगायचं.

खेळ शेंबड्या पोरालाही कळावा इतका सोपा होता. पैसे लावायचे. स्क्रीनवर रॉकेट सुटतं आणि त्याच्याखाली आकडा वाढत जातो. एक, सव्वा, दीड, दोन. रॉकेट हवेत आहे तोवर 'काढा' हे बटण दाबलं, तर त्या घडीला जो आकडा असेल तितकेपट पैसे हातात. बटण दाबायच्या आधी फुटलं, तर लावलेलं सगळं गेलं. कधी ते दीडवर फुटतं, कधी पन्नासापर्यंत चढतं आणि कधी जमिनीवरून उठता उठताच त्याची राख होते. हळहळायलाही सवड मिळत नाही, लगेच दुसरं सुटतं.

इथे प्रत्येकीला कंपनीने एक सुटसुटीत नाव दिलं होतं. बेबेथ ही 'टीना' होती, जोव्हिलिन 'मिया'.

'सुप्रभात, मॅडम,' म्हाताऱ्याने लिहिलं होतं. 'तुम्ही जेवलात का? एक विनंती आहे. ते आकडे थोडे मोठे करता येतील का? आठ मला तीनसारखा दिसतो. काल तीन पॉइंट तीन झालंय असं समजून थांबलो, तर ते तीन पॉइंट आठ होतं. मग फुटलं.'

जोव्हिलिनला किंचित हसू आलं. लोक पैसे परत मागतात, शिव्या घालतात, आईची शपथ घालतात. आकडे मोठे करा म्हणणारा हा पहिलाच. उत्तर लिहायला तिने बोटं उचलली आणि सवयीने वर नाव पाहिलं.

क्रिसांतो पालमारेस. गाव ला कार्लोता.

एका नावाची दोन माणसं असू शकतात, असं तिने स्वतःला सांगितलं. मग खातं उघडताना दिलेला फोटो पाहिला. म्हातारा कॅमेऱ्याच्या फारच जवळ आला होता, एक कान कापला गेला होता. मागे स्वयंपाकघराच्या दाराला निळ्या फुलांचा पडदा होता. तो तिनेच शिवलेला होता.

तो तिचा ताताय होता. तिचा बाप.

ताताय साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेला. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याला एकटं वाटू नये म्हणून गेल्या ख्रिसमसला जोव्हिलिननेच हा फोन घेऊन दिला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्याच्या ऑपरेशनसाठी ती पगारातून पैसे पाठवत होती. कधी करायचं विचारलं, की लाडाने तिला इंदाय म्हणत तो सांगे, "डॉक्टर म्हणतात, अजून पिकला नाही, इंदाय. थांबू या."

'मॅडम, आहात ना?' खाली नवी ओळ आली.

'आहे, सर,' तिने लिहिलं. बापाला सर म्हणताना बोटं अडखळली. 'आकडे मोठे करणं आमच्या हातात नाही. तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन का करून घेत नाही?'

बराच वेळ काही आलं नाही. तो एकेक अक्षर शोधून टिपत असणार, नाक काचेला लावून.

'पैसे मुलीने पाठवले होते. ते इथेच गेले. सुरुवातीला जिंकलो होतो. म्हटलं, तिच्या पैशाला हात न लावता ऑपरेशन होईल, तिचे तिला परत देऊ. मग उलटं झालं.'

आणि लगेच पुढे, 'तिला सांगू नका हं. ती तुमच्याच कंपनीत आहे. म्हणून तर मी इथे खेळतो. बाकीच्या ठिकाणी फसवतात म्हणे. माझी पोर जिथे कामाला आहे, तिथे फसवाफसवी नसणार.'

जोव्हिलिनने डोळे मिटून घेतले.

नोकरीला लागताना तिने ज्या कागदांवर सह्या केल्या होत्या, त्यात स्पष्ट होतं, की नोकरदाराच्या घरच्यांनी इथे खेळायचं नाही. आणि मुलगी याच कंपनीत आहे, हे तातायने लिहून टाकलं होतं. इथे लिहिलेलं पुसता येत नसे. अजूनही संभाषण बेबेथकडे परत ढकलता आलं असतं. बेबेथ जेवून येईल, गोड बोलेल आणि ताताय पुन्हा खेळायला बसेल.

तिने खुर्ची पुढे ओढली.

'सर, एक सांगते. रॉकेट सुटायच्या आधीच ते कुठे फुटणार हे ठरलेलं असतं.'

'म्हणजे तुम्ही ठरवता?'

'माणूस नाही, यंत्र ठरवतं. एकदा ठरलं की आम्हालाही बदलता येत नाही. त्यात फसवणूक नाही.'

'मग मी सकाळभर बघतो काय?'

'जे आधीच ठरलंय, ते.'

'तसं नसतं, मॅडम. मी लक्ष ठेवून असतो. लागोपाठ तीन लवकर फुटली, की चौथं वर जातंच.'

'नाही जात, सर. आधीची कुठे फुटली हे त्याला आठवत नाही. प्रत्येक वेळी ते नव्यानेच सुटतं.'

तिने थांबायला हवं होतं. खेळणाऱ्याचा हिरमोड होईल असं काही बोलायचं नाही, ही ताकीद भिंतीवरच लावलेली होती. पण आता हात थांबेनात.

'सगळ्यांनी मिळून शंभर लावले, तर सत्त्याण्णवच्या आसपास परत जातात. तीन इथे राहतात. तेवढ्यावर कुणी मरत नाही. पण लोक तेच सत्त्याण्णव पुन्हा लावतात, मग उरलेले पुन्हा. फसवायची गरजच पडत नाही, सर. माणूस बसून राहिला की झालं.'

'हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?'

ती काही लिहिण्याआधीच त्याने पुढे लिहिलं.

'बाजूला नावं येतात ना, कोण किती जिंकलं त्यांची? त्यात दावाओची एक नर्स आहे. रोज सकाळी असते. कोंबड्यांना दाणे टाकून झाले, की मला दुसरं कामच नसतं. मी खेळायला बसतो, तेव्हा ती असते. मी बटण दाबलं, की तिनेही दाबलेलं असतं. बरं वाटतं.'

त्या नावांतली बरीचशी यंत्रच भरतं, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. स्क्रीन रिकामी दिसली, की माणूस उठून जातो, म्हणून. जोव्हिलिनने ते लिहिलं. वाचलं. आणि पुसलं. तेवढं एक तिने सांगितलं नाही.

'खातं बंद करायचं असेल तर तुम्हाला स्वतः लिहावं लागेल, सर. माझं खातं कायमचं बंद करा. एवढंच.'

'एक शेवटचं खेळू? थोडे पैसे उरलेत.'

'नको, सर. ते तुमच्या फोनवर परत पाठवते.'

'तुम्ही फार कडक आहात. अगदी माझ्या पोरीसारख्या.'

बेबेथ जेवून परत आली, दात कोरत खुर्चीत टेकली. "अजून तोच चालू आहे? काय गं, लग्न ठरवतेस की काय त्याच्याशी?"

'माझ खात कायमच बद करा,' असं स्क्रीनवर उमटलं. एकाही अक्षरावर टिंब नव्हतं. त्याला ते दिसलं नसणार. जोव्हिलिनने खातं बंद केलं आणि तोंड धुवायला निघून गेली.

दोन दिवसांनी नॉर्विनने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तिच्या ओळीचा तो मुख्य. तिच्यापेक्षा वयाने लहान, पण डोळ्यांखाली तिच्याहून काळा.

"बस, दीदी," तो म्हणाला. "वरच्यांनी ते संभाषण वाचलं."

"ते माझे वडील आहेत."

"कळलं सगळ्यांना. नातेवाइकाचं खातं, तुला माहीत नव्हतं, तेवढं मी सांभाळून घेतलं असतं. पण ते सत्त्याण्णव आणि तीन कशाला सांगत बसलीस?"

"खोटं आहे का ते?"

"खोटं असतं तर कुणी काही बोललं नसतं." त्याने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "माझी आईपण खेळते, दीदी. दुसऱ्या कंपनीत. मी काय करतो? बघत बसतो."

शुक्रवारी तिचा शेवटचा पगार झाला. बेबेथ रडली, आपल्या डब्यातली केळी तिने जोव्हिलिनच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "कुठेतरी लागशील गं. तुझं टायपिंग किती चांगलं आहे." जोव्हिलिनचं कार्ड दारावरच्या माणसाने काढून घेतलं.

रविवारी ती ला कार्लोताला गेली. बाजारातून एक बांगुस मासा घेतला, वांगी घेतली. ताताय अंगणातल्या बाकावर बसला होता. पावलं ऐकून त्याने मान तिरकी केली.

"इंदाय? अगं, जीपनीत बसायला जागा मिळाली वाटतं. धापा टाकत नाहीस आज."

"मिळाली. तुम्ही उन्हात काय बसलात?"

"उन्हात जरा बरं दिसतं. काम कसं चाललंय?"

"चाललंय," ती म्हणाली.

तिने चूल पेटवली, मासा साफ केला. तो दाराशी येऊन उभा राहिला, निळ्या पडद्याला हात टेकवून. काहीतरी बोलायचं असलं, की तो आधी घसा खाकरत असे. तसा त्याने खाकरला.

"तुझ्या ऑफिसात मिया नावाची कुणी पोर आहे का गं?"

जोव्हिलिनच्या हातातली सुरी थांबली. "आहे. का?"

"काही नाही. फोनमध्ये काहीतरी अडलं होतं, तिला विचारलं होतं. फटकळ आहे, पण खरी आहे. तिला माझा नमस्कार सांग."

"सांगेन."

"आणि तुझ्या साहेबाला म्हणावं, बढती द्या तिला. अशी माणसं टिकवायला हवीत."

ती चुलीकडे वळली. धूर बराच होता, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त शोधावं लागलं नाही. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नुसता सुटल्यासारखा भाव होता. त्याला काही कळलेलं नव्हतं. पैशांचं आपल्याला कळलंय, हे त्याला कळू द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"ताताय, सरकारी दवाखान्यात डोळ्यांची ऑपरेशनं फुकट करतात म्हणे. नंबर लागायला वेळ जातो, पण होतं. उद्या नाव घालून येऊ?"

"घालू की," तो चटकन म्हणाला. मोतीबिंदू पिकला नसल्याचं आज त्याने काढलं नाही. मग जरा वेळाने म्हणाला, "पण तुझी रजा?"

"आहे रजा. बरीच साठलीये."

जेवायला बसले. बांगुस काट्यांनी भरलेला असतो, केसासारखे बारीक काटे. तिच्या लहानपणापासून या घरात काटे काढायचं काम तातायचं होतं. आई वाढायची, तो काढायचा आणि मऊ मांस तिच्या भातावर ठेवायचा. आज तिने मासा स्वतःकडे ओढला, तर त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आण इकडे. तुला नाही जमत."

त्याने बशी जवळ घेतली. डोळे खिडकीकडे होते, कुठेच नव्हते. बोटं मात्र माशावरून हळूहळू फिरत होती, थांबत होती, चिमटीत धरून काटा ओढत होती. बशीच्या कडेला काट्यांची ओळ लागली. भात निवून गेला तरी तो घाई करेना. शेवटी त्याने मांसाचा मोठा तुकडा उचलला, दुसऱ्या हाताने तिच्या ताटाची कड चाचपली आणि तो अलगद भातावर ठेवला.

तिने घास घेतला. दोन काटे राहिले होते. तिने ते जिभेने बाजूला घेतले, आवाज न करता ओठांतून काढले आणि ताटाखाली सारले.

"एखादा राहिला का गं?" त्याने विचारलं.

"एकही नाही," जोव्हिलिन म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला.