बटाट्यांचं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या, उशिरा आलेले भिंतींना टेकून उभे होते आणि त्यांच्याही मागचे टाचा उंचावून बघत होते. व्यासपीठावर एक गादी होती. गादीवर चकचकीत राखाडी प्लॅस्टिकची चादर, तिच्यावर पांढराशुभ्र पलंगपोस आणि त्याच्यावर दोन ब्लँकेटं पांघरून उताणे पडलेले आमच्या इमारतीतले पैलवान काका. काकांनी जन्मात कुस्ती खेळलेली नाही, ते विमा विकतात. पण अंगाने असे आहेत, की ते लिफ्टमध्ये शिरले की बाकीचे मुकाट्याने जिना चढतात.

"रक्तात साचलेलं, सांध्यांत दडलेलं, मनात मुरलेलं विष!" स्वतःला निद्रागुरू म्हणवणारे विक्रेते गरजले. पांढरा ट्रॅकसूट, पांढरे बूट आणि गालाला चिकटलेला माईक. "आमचा हा राखाडी विषशोषक पट ऋण आयनांच्या लहरींनी ते खेचून घेतो. औषध काय करतं? विष दाबतं. आणि पट काय करतो?"

"खेचतो!" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं. पहिल्या रांगेतून सगळ्यात मोठा आवाज माझ्या सासूबाईंचा होता.

काकांना उठवलं, तर ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. निद्रागुरूंनी पलंगपोस झटकन उलटा केला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. पांढऱ्या कापडावर डोकं, पाठ, कंबर असा आख्खा माणूस जांभळ्या रंगात उमटला होता. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मागून कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

"हे यकृत," निद्रागुरू डागावर बोट फिरवत म्हणाले. "हा गुडघा. आणि ही जी रेघ दिसते ना, हा मत्सर आहे."

"शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हाचा असणार," काका खाली मान घालून म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असल्या ठिकाणी मला मागच्या दाराशी उभं राहायची सवय आहे. खिडक्या बंद, वर दोन ब्लँकेटं, खाली प्लॅस्टिक आणि मधे पैलवान काका! ते घामाघूम झाले नसते, तरच चमत्कार म्हटलं असतं. पण तो जांभळा रंग कुठून आला, हे मात्र मलाही कळेना. आणि ते कळत नव्हतं, तोवर घरात माझं कोण ऐकणार?

घरोघरी पट विकत घेतला गेला आणि आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या गॅलऱ्या जांभळ्या झाल्या. पूर्वी बायका डाग लपवून कपडे वाळत घालायच्या, आता डागाची बाजू रस्त्याकडे करून घालू लागल्या. "तुमचं किती निघालं?" हा सकाळचा पहिला प्रश्न झाला. समोर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनींचा डाग मोठा निघाला म्हणून सासूबाईंचा चहा गोड लागेना. मग त्यांनी पंखा बंद केला, स्वेटर घातला आणि दुसऱ्या दिवशी असा काही डाग काढला, की वहिनींनी गॅलरीचं दार लावून घेतलं. दर आठवड्याला पट सभागृहात नेऊन 'भारित' करून आणावा लागे. निद्रागुरू तो आतल्या खोलीत नेत आणि तिथे बाकी कोणाला प्रवेश नसे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या चिऊला दमा आहे. माझी मुलगी, वय सहा, दिवसभर बडबड. रोज सकाळ-संध्याकाळ तिला पंप द्यावा लागतो, आणि सासूबाईंचा तिच्यावर इतका जीव, की ती शिंकली तरी त्या रात्रभर तिच्या उशाशी बसतात. निद्रागुरूंनी नेमकं हेच हेरलं. त्यांनी सांगितलं, "आजी, पंप विष आत ढकलतो आणि पट बाहेर ओढतो. दोघांच्या ओढाताणीत पोरीचे हाल होतील. एक काहीतरी निवडा."

मी घरात स्पष्ट सांगितलं, की चिऊच्या गादीवर ते प्लॅस्टिक येणार नाही आणि पंप बंद होणार नाही.  नवरा म्हणाला, "आईशी वाद नको गं, चार दिवसांत उतरेल हे खूळ." त्याच्या या वाक्यावर आमचा निम्मा संसार चालतो.

एका सकाळी चिऊ धापा टाकतच उठली. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि बोलायला जावं तर शब्दच फुटत नव्हता. मी पंप घ्यायला धावले, तर जागेवर पंप नाही. कपाटात नाही, दप्तरात नाही.  सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीसारख्या उभ्या होत्या. मग त्या वळल्या आणि पिठाच्या डब्यामागून पंप काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. 

पंप दिल्यावर हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. चिऊला कुशीत घेतलं तेव्हा तिची मान जांभळी दिसली. तिच्या चादरीखाली पट होता आणि उशीला त्याच प्लॅस्टिकचा अभ्रा. उशी ओली गिच्च झाली होती आणि नव्या प्लॅस्टिकचा उग्र दर्प नाकात जात होता. मला संताप आला. इतका, की बोलले असते तर घर दुभंगलं असतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. परतल्यावर सासूबाईच आधी बोलल्या, पण अगदी खालच्या आवाजात. "विष निघताना त्रास होतोच, असं ते म्हणाले होते."

"आई," मी म्हटलं, "ज्याच्यात विष नाही, असं काहीतरी त्या पटावर झोपवून बघूया का?"

"असं काय आहे घरात?"

"तुम्ही काल बाजारातून आणलेले बटाटे."

इथे थोडं सांगायला हवं. सासूबाई भाजी घ्यायला निघाल्या की बाजारातल्या विक्रेत्यांची पाचावर धारण बसते. एकेक बटाटा त्या उजेडात धरून, फिरवून, नखाने टोचून बघतात. त्यांच्या पिशवीत डोळा फुटलेला बटाटा आजवर आलेला नाही.

"माझ्या बटाट्यांत खोट निघणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग काळजी कसली?"

बटाटे त्यांनी स्वतः उकडले. गरमागरम, वाफाळते बटाटे ओल्या फडक्यात गुंडाळले, पटावर पांढरा पलंगपोस अंथरून त्याच्यावर ठेवले आणि वर ब्लँकेट घातलं. चिऊने त्यांना थोपटलं आणि "शूऽऽ, ते झोपलेत" म्हणून आम्हाला खोलीबाहेर काढलं. दुपारी सासूबाईंनी पलंगपोस उलटा केला. भला मोठा जांभळा डाग! बँकेतल्या वहिनींच्या तोंडात मारेल असा.

सासूबाईंनी तो डाग नखाने खरवडून पाहिला. मग त्यांनी एक बटाटा उचलला, सोलला, मीठ लावून खाल्ला.

"बटाटा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो माणूस खोटा आहे."

मी पट कोरडा करून त्याच्या दुसऱ्या, न वापरलेल्या कोपऱ्यावरून ओला रुमाल फिरवला. रुमाल जांभळा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अशीच एक जांभळ्या रंगाची भुकटी आहे. कोरडी असताना विरळ भुरभुरली तर राखाडी चादरीवर दिसतसुद्धा नाही, पण ओलावा लागला की चिमूटभर भुकटीत आख्खा पलंगपोस रंगतो. आतल्या खोलीतलं ते 'भारित' करणं म्हणजे पावडरचा डबा झटकणं होतं.

"चल," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "पलंगपोस घे."

त्या संध्याकाळी भारित करून घेणाऱ्यांची गर्दी होती. सासूबाई तडक व्यासपीठावर गेल्या आणि पलंगपोस निद्रागुरूंपुढे पसरला. "घरातल्याच कोणाचा तरी आहे. जरा वाचून सांगा."

निद्रागुरूंनी डोळे मिटले, उघडले, डागावर हात फिरवला. "स्त्री आहे. साठीच्या पुढची. मूत्रपिंड थकलंय. आतल्या आत फार सोसलंय हिने. आणि सुनेचं वागणं मनाला लागलंय."

"बरोबर आहे, सालं निघेपर्यंत सोसलंय बिचाऱ्यांनी," सासूबाई त्यांच्या गालावरच्या माईककडे वाकून म्हणाल्या. "हे दोन किलो बटाटे आहेत. मी आज उकडले. त्यांना सून नाही."

सभागृहात हशा फुटला. पैलवान काका तर डोळे पुसायला लागले. पण निद्रागुरू कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "हसा! हल्ली शेतात किती फवारण्या होतात, माहीत आहे? बटाट्यांतलं तेच विष पटाने खेचलंय! हीच तर पटाची शक्ती!"

टाळ्या वाजणार तेवढ्यात मी वर गेले आणि टेबलावरचा एक नवाकोरा, सीलबंद पट उचलून फोडला. "याच्यावर अजून कोणी झोपलेलं नाही ना?"

"अहो, हात लावू नका, लहरी बिघडतील!"

ओला रुमाल फिरवला आणि उंच धरला. रुमाल जांभळाच जांभळा झाला होता. आता कोणी हसलं नाही. मी सांगितलं, की घाम आपला, तो अडवून ठेवणारं प्लॅस्टिक यांचं आणि रंगही यांचाच. प्लॅस्टिकमधून हवा जात नाही, म्हणून घाम तिथेच साचतो. तो रोज सगळ्यांनाच येतो, त्यात आजार वाहून जात नाही.

"मग मुलांच्या गादीवर घालायचं तरी काय?" एका तरुण आईने विचारलं. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं.

"सुती कव्हर," मी म्हटलं. "घट्ट विणीचं, चेन असलेलं, काढून गरम पाण्यात धुता येईल असं. दमा असेल तर गादीतली धूळ आणि तिच्यातले बारीक किडे आतच राहतात, तेवढा त्याचा उपयोग. मूल अंथरूण ओलं करत असेल, तर वर सुती आणि खाली हवा जाऊ देणारा पातळ जलरोधक थर असलेलं मिळतं, ते नीट ताणून बसवायचं. कापड तोंडाला लावून श्वास घेऊन बघा. कोंडल्यासारखं झालं तर ते घेऊ नका, उग्र वास आला तरी नको. आणि तान्ह्याच्या तोंडाजवळ प्लॅस्टिक तर कधीच नको. त्याला उशीही नको."

ती आई ताबडतोब दाराकडे निघाली.

निद्रागुरू माईक काढत होते, तेवढ्यात सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. "याने सांगितलं म्हणून मी माझ्या नातीचा पंप लपवला," त्या म्हणाल्या.  "आज सकाळी पोरीला श्वास घेता येत नव्हता आणि पंप कुठे आहे ते फक्त मला माहीत होतं. इथे अजून कोणी कोणी औषध बंद केलंय? हात वर करा. माझा तर वर आहेच."

 मग बँकेतल्या वहिनींचा हात अर्धवट वर आला. "रक्तदाबाची गोळी," त्या पुटपुटल्या. पैलवान काका म्हणाले, "माझं इन्सुलिन." त्यांच्या बायकोने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, तिला हे ठाऊकच नव्हतं. एकेक करत हात वर येत गेले. मी मोजायचं सोडून दिलं.

"चला उठा," सासूबाई म्हणाल्या. "दवाखाना अजून उघडा आहे. काय बंद केलं आणि कधीपासून, ते डॉक्टरांना खरं खरं सांगा. लाज वाटत असेल तर मी येते सोबत."

वाचकहो, तुमच्याकडेही कोणीतरी असा डाग दाखवायला येईल. कदाचित जांभळा नसेल, हिरवा असेल. त्याला एवढंच विचारा, की कोणी झोपलं नाही तर याच्यावर काय उमटतं? लोक हसले तरी विचारा, घरातलं माणूस रुसलं तरी विचारा. आणि तो औषध बंद करायला सांगत असेल, तर त्याचं पुढचं एक अक्षर ऐकू नका. आमच्या चिऊचा श्वास वेळेवर मोकळा झाला, पण तो दर वेळी होतोच असं नाही.